रेषा सरळ झाली

दोरीवरच्या लुगड्यावर रुई बसायला लागली की जिनिंग सुरू झाली, हे आमच्या वस्तीत कोणाला सांगावं लागत नाही. दिवाळी उलटते, सकाळचा धूर घरांच्या वर न जाता गल्लीतच रेंगाळतो, समुद्रपूरच्या रस्त्यावर कापसानं फुगलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि वाळलेलं लुगडं काढायला जावं तर त्यावर पांढरी लव. लांबून बघणाऱ्याला ती छान वाटते. शहरातून आलेल्या एका पाहुणीनं तिचे फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी ती खोकत खोकत परत गेली.

यंदाही लव बसली. मी लुगडं झटकलं, आणि मला आधी ती रेषा आठवली. शितलच्या हंगामापासून हे असंच होतं. कापूस दिसला की रेषा आठवते.

शितल माझी नात. माझा मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातून एकदा घरी येतो. त्याची बायको सुनंदा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाते. शितल त्यांची मुलगी. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नागपूरच्या एका कंपनीत लागली. त्या कंपनीनं आमच्याच जिनिंगमध्ये कॉम्प्युटर बसवला, आणि ही याच गावची म्हणून तिला हंगामभर इथंच ठेवलं. म्हणजे त्या हंगामात आमच्या घरच्या तीन बाया एकाच फाटकातून आत जात होत्या. सुनंदा शेडमध्ये कापूस ओढायची. शितल ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायची. आणि मी पाण्यावर होते.

पाण्यावर म्हणजे दोन कामं. बायांसाठी पिण्याचे माठ भरायचे, आणि शेडच्या मागं अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात रोज सकाळी एक बादली ओतायची. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं, मधून एक लोखंडी पाईप खाली जमिनीत गेलेला असतो. यंत्रांमधून चुकून बाहेर आलेली वीज त्या पाईपानं जमिनीत जाते. खड्डा कोरडा पडला की ती नीट जात नाही. मला एवढंच सांगितलेलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. तरुण असताना मी यंत्रावर बसले, कापूस ओढला, सरकीची पोती शिवली. छाती खराब झाली तेव्हा मला बादली दिली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. बादलीनं खोकला येत नाही.

कॉम्प्युटर आला तो आगीमुळे. त्याच्या आधीच्या हंगामात एक गंजी जळाली होती. कापसाची गंजी पेटते तेव्हा भडका उठत नाही. ती आतून जळते. वरून पांढरीशुभ्र असते, आणि पोटात निखारा चालत असतो. जळक्या केसांसारखा वास यायला लागला तेव्हा पाणी मारायला सुरुवात झाली, आणि मग बरेच दिवस तो ढीग धुमसत राहिला. पिवळा, ओला, कुजका. आम्ही त्याच्या बाजूनं तोंडाला पदर लावून जात होतो. विम्याचे लोक आले आणि म्हणाले, गंजीच्या आत किती गरमी आहे ते रोज दिसलं पाहिजे.

म्हणून गंजीच्या जागी लोखंडाचा एक सांगाडा उभा केला. त्याला आडव्या सळ्या बसवल्या आणि त्यांच्याभोवती कापूस रचला. सळ्यांची टोकं गंजीच्या पोटात. प्रत्येक सळीच्या आत दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला एकमेकींना जोडलेल्या. टोक तापलं की तिथं थोडीशी वीज तयार होते. अगदी थोडी. ती बारीक तारांनी ऑफिसात जाते, कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका हिरव्या पाटीला मिळते, आणि तिथं तिची रेषा होते. गरमी वाढली की रेषा चढते. शेठनं शेडच्या दाराजवळ एक मोठा पडदा लावला होता, त्यावर ती रेषा सगळ्यांना दिसायची. रेषा फार चढली की भोंगा वाजायचा.

पहिल्याच दिवशी भोंगा वाजला. बाया पळत बाहेर आल्या. गंजी थंड होती. पुन्हा आत गेल्या, यंत्रं सुरू झाली, पुन्हा भोंगा. रेषा पडद्यावर तापातल्या माणसाच्या हातासारखी थरथरत होती. यंत्रं बंद केली की शांत. सुरू केली की थरथर.

मुकादम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, तुमच्या नातीच्या कॉम्प्युटरले थंडी वाजून राह्यली. घोंगडी आणा घरून."

मी म्हटलं, "तुह्याच पाठीवरची दे. तशीही तू काम करताना घाम येऊ देत नाईस."

तो हसला. शितल हसली नाही. ती जमिनीवर गुडघे टेकून तारा तपासत होती, आणि मला तिचं तोंड आवडलं नाही. लहानपणी परीक्षेच्या दिवसांत तिचं असं तोंड व्हायचं. उत्तर येत असूनही पेपर हातातून काढून घेतील, असं.

दुपारी डबा खाताना मी तिला विचारलं, "काऊन नाचते ती?"

ती म्हणाली, "दोन जमिनी आहेत, आजी."

"जमीन तं एकच आहे."

"दिसते एक. ऑफिसचा अर्थिंगचा खड्डा वेगळा आहे, शेडचा वेगळा. शेडमधल्या मोटरींची वीज शेडच्या खड्ड्यात उतरते, म्हणून तिथली जमीन थोडी वर उचलल्यासारखी होते. ऑफिसची खालीच राह्यते. माह्या तारा दोन्हीकडं बांधल्या आहेत. तिकडं सांगाड्याले टेकल्या, इकडं कॉम्प्युटरले. मंग हा जो फरक आहे, तो त्या तारांतून धावते. कॉम्प्युटरले वाटते गरमीच आहे."

मला हे लगेच समजलं. माझ्या लहानपणी गावात दोन विहिरी होत्या. गावाची एक आणि आमची एक. पाणी जमिनीखालचंच, पण एका विहिरीला पाणी असायचं तेव्हा दुसरीत दगड दिसायचे. जमीन एकच असते हे ज्यांना सांगायला सोपं जातं, त्यांची विहीर भरलेली असते.

उपायही शितलला ठाऊक होता. सळ्या लोखंडाला टेकू द्यायच्या नाहीत, प्रत्येक सळीवर प्लास्टिकसारखी एक नळी चढवायची. म्हणजे सांगाड्याचं अर्थिंग जिथल्या तिथं राहतं, आणि तारा फक्त ऑफिसच्या जमिनीला बांधलेल्या राहतात. पण त्यासाठी सळ्या बाहेर काढाव्या लागणार, म्हणजे रचलेली गंजी हलवावी लागणार, म्हणजे काम थांबणार. शेठ म्हणाला, हंगाम संपू दे. तोवर रेषा नीट करून दाखव, नाहीतर दुसरं माणूस बोलावतो.

शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात तो बायांना ताक पाजायचा. पण दिवसभरात गाड्या रिकाम्या झाल्या नाहीत तर शेतकरी दुसऱ्या जिनिंगला जातो, आणि ते त्याला फाटकाबाहेरच्या रांगेत दिसत होतं. त्याला ती रांग दिसायची, शितलला तार दिसायची. दोघं एकमेकांशी बोलत, तेव्हा मला पुढं काहीतरी होणार असं वाटायचं. काय, ते मला सांगता आलं नसतं.

त्या दिवसांचे वास मला अजून येतात. कच्च्या कापसाचा वास ओल्या पिठासारखा असतो. सरकीचा तेलकट. यंत्रांच्या पट्ट्यांचा जळका. रुई फार कोरडी पडू नये म्हणून शेडमध्ये पाण्याचा फवारा चालतो, त्यामुळे खालची फरशी सदा ओली. बाया त्यावर अनवाणी उभ्या राहायच्या, कारण चप्पल घसरते. डोक्याला, तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे. पापण्यांवर रुई. बाहेर आल्या की सगळ्या एका वयाच्या दिसायच्या, म्हाताऱ्या. सांगाड्यावर, गंजीच्या डोक्यावर एक पंखा बसवलेला होता, आतली दमट हवा ओढून घेणारा. त्याचा घरघर आवाज सगळ्या आवाजांच्या खाली चालू असायचा. तो आवाज कोणी ऐकत नसे. मीसुद्धा नाही.

नळ्या आणायला शितल नागपूरला गेली. हंगाम संपल्यावर तर संपल्यावर, पण हाताशी असाव्यात म्हणून. चार-पाच दिवसांनी ती परत आली, त्या सकाळी फाटकातून आम्ही तिघी सोबत आत गेलो. पडद्यासमोर मुकादम आणि शेठनं मधल्या दिवसांत बोलावलेला वायरमन चहा पीत उभे होते. यंत्रं सुरू होती, सगळीच्या सगळी. आणि पडद्यावरची रेषा सरळ होती. ओढलेल्या दोरीसारखी.

सुनंदा म्हणाली, "घे बाई, तू गेली अन् झाली सरळ. आता तं हास."

शितल थांबली. माझा हात धरून ती हळूच म्हणाली, "आजी, म्या तं काईच केलं नाई अजून."

मग सुनंदानं एक गोष्ट सांगितली, ती तिला इतके दिवस सांगण्यासारखी वाटली नव्हती. दोन-चार दिवसांपासून सांगाड्याला हात लागला की मुंग्या येत होत्या. रोज नाही, कधीमधी. बायांनी त्यावर तोडही काढली होती. सांगाड्याजवळ काम असलं की पायाखाली रिकामं पोतं टाकायचं.

वायरमननं ऐकलं. तो हसून म्हणाला, "एवढ्यानं काई होत नाई सुनंदाबाई. नवरा घरी आला की याच्याहून जास्त करंट देत असन."

सुनंदा म्हणाली, "तो महिन्यातून एकदा येते. तुमची तार रोजच चावून राह्यली."

बाया फडक्यातून हसल्या. मीही हसले. शितल तोवर सांगाड्याच्या मागं गेली होती.

सांगाड्याच्या खालच्या पायापासून एक पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची जाड तार निघायची आणि माझ्या खड्ड्याकडं जायची. रोज पाहून पाहून मी तिच्याकडं लक्ष देणं सोडलं होतं. त्या सकाळी नीट पाहिलं, तर तिच्या जागी दोन तुकडे होते. मध्ये वीतभर जागा. दोन्ही टोकांना काळी पट्टी, इतकी नीट गुंडाळलेली की कोणाला वाटावं, हे असंच असतं. मी रोज बादली ओतत होते, आणि खड्ड्याच्या पाईपाला त्या बाजूनं काही येतच नव्हतं.

शितलनं खिशातून टेस्टर काढला, तो स्क्रू फिरवायचा, आत लाल दिवा असलेला. त्याचं टोक लोखंडाला लावलं. दिवा लागला. भर दिवसा, लोखंडाच्या एका मुक्या खांबात लाल ठिणगी. तिनं सुनंदाला बोलावून ते दाखवलं. दोघी मायलेकी वाकून त्या दिव्याकडं बघत होत्या, आणि वर पंखा घरघरत होता. तेव्हा मी तो पहिल्यांदा ऐकला.

"आज मुंग्या आहेत," शितल म्हणाली. "पंख्याची मोटर जळाली तं अख्खा करंट या लोखंडात उतरन. त्याले जायले जाड रस्ता होता, तो कापला. आता माह्या सळ्यांच्या केसाएवढ्या तारा तेवढ्या आहेत, त्याबी कधी टेकतात कधी नाई. त्या एका झटक्यात जळतीन. मंग तो जो हात लावन त्याच्यातून जाईन."

वायरमन म्हणाला, "मॅडम, चार जिनिंगमधी म्या असंच केलं. एक टोक सोडलं की आवाज जाते. रेषा पाहा ना तुमी, कशी झाली. शिकले तुमी, पण हे पुस्तकात नाई."

तो खोटं बोलत नव्हता. एक टोक सोडलं की थरथर जातेच. शितलही तेच करणार होती, फक्त बारीक तारांचं टोक सोडणार होती. त्यानं जाड तारेचं सोडलं. कापायला तेच सोपं होतं, आणि पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. त्यानं ते द्वेषानं केलं नाही. त्याला नीट करून दाखवायचं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते. दुष्ट माणूस निदान मागं वळून बघतो, कोणी पाहिलं का म्हणून.

शितलनं यंत्रं थांबवायला लावली आणि तिथंच बसून तार जोडली, नट आवळून. टेस्टर लावला, अंधार. यंत्रं सुरू झाली, आणि पडद्यावर रेषा पुन्हा थरथरायला लागली. भोंगा वाजला. शेठ बाहेर आला.

"झाली होती ना सरळ?" तो म्हणाला.

"सरळ नव्हती झाली जी. अर्थिंग कापलं होतं."

"मला सरळ पाहिजे."

"मंग गंजी हलवा. नळ्या आणल्या आहेत म्या."

त्यानं रांगेकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, भोंग्याची तार काढून टाका, आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका. माझी बादलीही त्याच दिवशी गेली. म्हाताऱ्या माणसानं घरी आराम करावा, असं मुकादम म्हणाला. त्याची नजर माझ्या पायांवर होती.

जाताना शितलनं वडनेरच्या बाजारातून आईसाठी जाड तळव्याची रबरी चप्पल आणली. घसरणार नाही अशी. म्हणाली, "आई, हे पायात असल्याबगर आत जाऊ नको. अन् पडदा पाहाजो. रेषा थरथरून राह्यली तं समज तार जागेवर आहे. काम करजो. नळ्या न बसवता ती कधी सरळ दिसली, तं बाहेर निघजो."

सुनंदा म्हणाली, "लोक रेषा हलली की भेतात, अन् मी हलली नाई की भेऊ?"

"हाव."

तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळी एकच प्रश्न असतो. दुसऱ्या घरी विचारतात जेवण झालं का, आजारी माणूस कसा आहे. मी विचारते, "हलत होती?" सुनंदा फडकं सोडता सोडता म्हणते, "हलत होती," आणि मग मी भाकरी टाकायला घेते. शितलचा हंगाम संपला तरी नळ्या कोणी बसवल्या नाहीत, आणि मागचा सगळा हंगामही असाच गेला. भोंगा मुका होता, रेषा थरथरत होती, आणि कोणी तिच्याकडं बघत नव्हतं, माझ्या सुनेशिवाय. गंजी खरंच तापली असती तर कोणाला कळलं नसतं, हेही खरं. दोन संकटांपैकी एक आम्ही निवडलं होतं. आग लागली तर वास येतो, पळता येतं. दुसऱ्याला वास नसतो.

मी देवाधर्माची बाई नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यापुढं मी हात जोडते, पण मागत काही नाही. शेजारणी मला विचारतात, सून सुखरूप कामाला जाते, पैसे आणते, मग तुमचा चेहरा असा का. मी सांगत नाही. जमिनी दोन असतात हे सांगितलं तर हसतील, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही.

यंदा फवारे वाढवले आहेत, फरशी जास्त ओली असते, असं सुनंदा सांगत होती. पंखाही आवाज बदलून चालतो म्हणे. मधेच दचकल्यासारखा थांबतो आणि पुन्हा फिरतो. विम्याचे लोक परत बघायला येणार आहेत, म्हणून शेडला रंग दिला. सांगाडाही रंगवला, पायापर्यंत.

काल ती घरी आली. मी विचारलं.

"हलत होती?"

ती तोंडावरचं फडकं सोडत होती. हात तिथंच राहिला.

"नाई," ती म्हणाली. "आज लय शांत होती, मामी." आमच्याकडं सून सासूला मामी म्हणते.

"नळ्या बसवल्या काय?"

"कुठच्या? गंजी तशीच आहे. हातभर हलली नाई."

"तार पाह्यली?"

"मागं जाऊ देत नाईत. रंग ओला आहे म्हणतात."

आम्ही शितलला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आईले पाठवू नको, आजी. मी येतो." ती आता दूरच्या कामावर असते, येईपर्यंत दुपार होईल. शेड सकाळी सुरू होतं.

सुनंदा म्हणाली, "बाकीच्या बाया तं जातीनच ना. मी एकटी घरी बसून काय करू? पोतं टाकीन पायाखाली."

ती हट्टी आहे. मीच पसंत केली होती, तेव्हाही हट्टी होती. मी तिच्याशी वाद घातला नाही.

आज सकाळी तिचा डबा मी भरला नाही. ती आत केस विंचरते आहे. दोरीवरच्या लुगड्यावर रुई बसली आहे आणि मी ती झटकलेली नाही. रस्त्यानं बाया निघाल्या आहेत, फडकी बांधलेल्या, अनवाणी. त्यांना मी फाटकाशीच गाठणार. म्हातारी चळली म्हणतील. म्हणोत. त्यांना थांबवून मग मी आत जाणार आहे, सांगाड्याच्या मागं, ओल्या रंगाच्या बाजूला, ती जाड तार जागेवर आहे का बघायला.

सुनंदा आता चप्पल शोधेल. ती माझ्या पायात आहे. थोडी मोठी होते.